रुमालाखाली भरलेला फॉर्म

मला फॉर्मची भीती वाटते. बाजारात हे कुणाला सांगितलं तर हसतील. घोटीच्या बाजारात शेळ्या-बोकडांचा व्यापार करून मला सव्वीस वर्षं झाली. तीन शेळ्यांवर सुरुवात केली होती. आज इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट आहे, पाथर्डीच्या बाजूला पत्र्याचा गोठा आहे. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. बाजारात माझ्या अंगावर काठ्या घेऊन माणसं आली आहेत, मी मागे सरलो नाही. पण चौकटी आखलेला कागद समोर आला की तळहाताला घाम सुटतो.

याला कारण आहे, आणि त्या कारणाला माझ्या थोरल्या भावाचा चेहरा आहे.

बारावी झाल्यावर मला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं होतं. त्यासाठी दोन वर्षांचा पदविका कोर्स होता. मार्क पुरेसे होते. फॉर्म भरला, फोटो टाचले, मास्तरांची सही घेतली. फॉर्म नाशिकच्या कचेरीत हातानं द्यायचा होता आणि मला तापानं धरलेलं. भाऊ तेव्हा मनमाडला रेल्वेत नुकताच लागला होता, तो नाशिकमार्गेच जाणार होता. म्हणाला, "दे इकडे, मी टाकतो." मी पिशवी त्याच्या हातात दिली. दोन महिन्यांनी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा ट्रंकेत, इस्त्रीच्या शर्टांखाली, तीच पिशवी सापडली. फोटो तसेच टाचलेले. भाऊ एवढंच म्हणाला, "राहून गेलं."

त्यानंतर मी शेळ्या घेतल्या. भावाशी बोलणं लग्नकार्यापुरतं राहिलं. त्या दोन शब्दांपलीकडे त्यानं कधी काही सांगितलं नाही आणि मीही सोडून दिलं नाही.

आता धंद्याचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कुठं दाबली, यावर भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आणि रुमाल टाकायच्या आधीचा नियम तर त्याहून मोठा. जे जनावर हवं आहे त्याच्याकडे दोनदा बघायचं नाही. आधी त्याच्या शेजारच्याची चौकशी करायची, त्याचे दात बघायचे, त्याच्यावर वेळ घालवायचा. मग निघता निघता, आत्ताच नजरेस पडल्यासारखं विचारायचं, "आणि हे कसं?" हवं ते पहिलं बोललात की कापले गेलात. या एका नियमावर मी उभा राहिलो.

माझी मुलगी गोठ्यात वाढली. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून सुट्टीत बाजारात यायची. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायला तिला मीच शिकवलं. पापणी लाल असली तर जनावर चांगलं, पांढरी पडली असली तर पोटात जंत. मी ते भाव पाडायला वापरायचो. एकदा एका बाईच्या शेळीची पापणी तिनं बघितली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मावशी, हिला जंताचं औषध द्या, महिन्यात भरून येईल. आत्ता विकू नका."

बाई शेळी घेऊन घरी गेली. मी पोरीवर ओरडलो, "धंदा बुडवशील माझा!"

ती म्हणाली, "पप्पा, ती आजारी होती."

त्या दिवशी मला कळलं की ही व्यापारात पडणार नाही. तिला पशुवैद्यकीयलाच जायचं होतं. शेजारच्या काकू जिन्यात तिला म्हणायच्या, "एवढा अभ्यास करून शेवटी शेळ्यांनाच सुया टोचणार होय गं?" ती हसून म्हणायची, "काकू, कुत्रीही असतात. तुमच्या टॉमीपासून सुरुवात करीन." काकूंना ते झोंबायचं, मला आवडायचं.

पहिल्या वर्षी नीटला मार्क कमी पडले. तिनं एक वर्ष थांबून परत परीक्षा दिली. थांबायचं ते हे एकच वर्ष, तिसऱ्यांदा नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. या वेळी मार्क आले ते अगदी काठावरचे. सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यांची नावं लिहीत नाही. जवळचं, मधलं आणि लांबचं म्हणतो. जवळचं तिला पहिल्यापासून हवं होतं. तिथं मोठ्या जनावरांचा दवाखाना चांगला चालतो, एका डॉक्टरबाईंचं काम तिनं जाऊन पाहिलं होतं. गेल्या वर्षीची कट-ऑफची यादी बघितली तर जवळचं तिच्या मार्कांच्या थोडं वर बंद झालेलं, मधलं जेमतेम तिच्यापाशी, आणि लांबचं थोडं खाली. लांबचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्याखालीही दोन नावं होती, त्यांचा भरवसा कुणी देत नव्हतं.

ती यादी मी मोबाइलवर इतक्या वेळा बघितली की आकडे पाठ झाले. जेवताना बघायचो. बोकडाचं वजन करताना बघायचो. बायको म्हणायची, "अहो, बघून बघून ते वाढणार आहेत का?"

कागद गोळा करताना जीव अर्धा झाला. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, त्यावर मिळणारं नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येक कागदाला तारीख आणि प्रत्येक तारखेला मुदत. एका खिडकीवर मला सांगितलं, "हा दाखला मार्चमध्ये संपला." मी एवढा भडकलो की तिथल्या शिपायानं माझा दंड धरला. बाहेर येऊन स्कूटरवर बसलो तर किल्ली लागेना. लोकांना वाटलं, राग आहे. राग होताच, पण किल्ली रागामुळे चुकत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ट्रंक होती आणि इस्त्रीचे शर्ट.

सगळे कागद आले. राहिला पसंतीक्रम. कॉलेजांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे आणि फॉर्म बंद करायचा. इंदिरानगरात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो.

ताईंनी विचारलं, "एक नंबरला काय टाकू?"

मुलगी म्हणाली, "जवळचं."

मी म्हणालो, "थांबा. एकला लांबचं टाका."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. "लांबचं वर? सगळे खाली टाकतात, दादा."

"म्हणूनच." मी खुर्ची पुढं ओढली. "सगळे जवळच्याच्या दारात उभे राहणार. आपणही तिथं उभे राहिलो तर तोवर लांबचं भरून जाईल. आधी लांबचं धरून ठेवायचं. हातात आलं की पुढच्या फेरीत हळूच जवळचं विचारायचं."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, तसं नसतं. पहिल्या नंबरचं मिळालं की तेच घ्यावं लागतं. पुढच्या फेऱ्यांत आपल्याला घेत नाहीत. माहितीपुस्तिकेत आहे."

"कुणी सांगितलं?"

"वाचलं मी. आणि काकांनाही विचारलं."

काका म्हणजे माझा भाऊ. त्याच्या मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश झालेला, त्यामुळे स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून तो भावकीतल्या सगळ्या पोरांचे फॉर्म भरत बसतो. मी दुकानात उठून उभा राहिलो. "त्याचं नाव फॉर्मच्या जवळपाससुद्धा आणायचं नाही. एकला लांबचं, दोनला मधलं, तीनला जवळचं. टाका ताई. आणि बंद करा."

माझ्या मोबाइलवर सहा आकडी नंबर आला, तो मीच वाचून दाखवला. फॉर्म बंद झाला. दुकानातून बाहेर पडताना मुलगी माझ्या मागे चालत होती. एरवी ती पुढं चालते.

संध्याकाळी भावाचा फोन आला. कितीतरी वर्षांनी.

"ऐक रे," तो म्हणाला, "तिनं सांगितलं मला. ते कॉम्प्युटर आहे, बाजार नाय. वरचं मागितलं म्हणून त्याला राग येत नाय. वरचं नाय बसलं तर ते लगेच खालचं बघतं. तोवर तुझी जागा कुणी नेत नाय. मार्कांवर मिळतं ते, रांगेवर नाय."

"झालं तुझं?"

"उद्या पाचपर्यंत मुदत हाय. उघडून बदलता येतं. लय मोठी चूक—"

"माझा एक फॉर्म बुडवलास," मी म्हणालो, "आता पोरीचा बुडवायला आलास?"

मी वाट बघितली. आता तरी काही बोलेल, असं वाटलं. तो म्हणाला, "त्याचा इथं काय संबंध?" मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मुलगी म्हणाली, मैत्रिणीकडे जाते. मी घोटीला गेलो. पण लक्ष लागेना. भावानं सांगितलेलं मला पटलं नव्हतं असं नाही. खरं तर ते पटत चाललं होतं, आणि त्याचाच त्रास होत होता. बाजारात समोरचा माणूस असतो. त्याचे डोळे दिसतात, घसा हलतो, हात घामेजतो. इथं समोर कुणीच नव्हतं. मी कुणाला फसवायला निघालो होतो? कुणाच्या हातावर रुमाल टाकला होता? मग मी परत स्वतःला म्हणायचो, लांबचं तरी हातात राहील.

साडेतीनला पेठकडचा एक म्हातारा व्यापारी आणि मी, आमचा सहा बोकडांचा सौदा चालला होता. हातांवर रुमाल होता. तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हातानं उचलला.

"पप्पा, तुमच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर आलाय का, बघा ना."

"कसला?"

"फॉर्म उघडायचाय."

"काल बंद केला ना आपण?"

तिच्या मागे रेल्वेचा भोंगा वाजला, लांबलचक, आणि मग डबे आदळल्याचा आवाज. तो आवाज मी ओळखतो. भावाचं घर रुळांना लागून आहे.

"तू मनमाडला आहेस?"

"हो."

"खोटं बोलून गेलीस?"

"हो." ती थांबली नाही. "तुम्ही हुशारीनं लांबचं वर टाकलेलं नाही, पप्पा. तुम्ही घाबरलात. मला कळतं. मीपण घाबरलेय. पण मला जवळचं हवंय आणि ते मला एक नंबरला मागायचंय. नाही मिळालं तर नाही मिळालं."

माझ्याशी असं कुणी बोललेलं नाही. मी फोन कापला. मेसेज आलेला होता, पडद्यावर सहा आकडे दिसत होते आणि खाली लिहिलं होतं की ते दहा मिनिटं चालतील. मी फोन खिशात टाकला. म्हटलं, मरू दे. जा, विचार तुझ्या काकाला, तो देईल नंबर.

रुमालाखाली म्हाताऱ्यानं माझी बोटं परत धरली. आणि धरून तसाच थांबला. भाव सांगेना. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय वो शेठ, हात गार पडलाय तुमचा. थरथरतोय पन. कुनाचं काय बरंवाईट झालं का?"

सव्वीस वर्षांत रुमालाखाली माझा हात कुणाला वाचता आला नव्हता. म्हाताऱ्यानं त्याचा फायदा घेतला असता तर मला राग आला असता आणि मी सावरलो असतो. पण त्यानं भाव वाढवला नाही. रुमाल काढला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि चोळला. "जा, फोन करून या," म्हणाला. "बोकडं काय पळून जात नाय."

मी फोन लावला. लागेना. बाजाराच्या शेडखाली रेंज नसते. चिखलातून रस्त्याकडे निघालो, एका चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच सोडली. भात गिरणीच्या भिंतीपाशी रेंज आली. तोवर चारला पाच कमी होते आणि आधीचा नंबर मेला होता.

"परत पाठव," मी म्हणालो.

"पप्पा?"

"नंबर परत पाठव म्हणतो ना! लवकर!"

ती म्हणाली, पाठवला. मी फोन कानाला लावून उभा, मग कानापासून काढून बघायचो, परत कानाला. काही येईना. गिरणीची घरघर चालली होती. सव्वाचार झाले. ती म्हणाली, साइट अडकलीय. परत पाठवते. साडेचार झाले. एका पायात चप्पल, एक पाय चिखलात, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की भावानं तेव्हा फॉर्म टाकला नाही त्याला निदान विसरला तरी म्हणता येईल. मी दहा मिनिटं जाणूनबुजून घालवली होती. उद्या ती विचारेल तेव्हा काय सांगणार? राहून गेलं?

पावणेपाचला नंबर आला. मी वाचला, पण तिकडून भावाचा आवाज आला. फोन त्याच्या हातात होता, ती कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"एकेक आकडा सांग," तो म्हणाला. "सावकाश."

मी एक आकडा सांगायचो, तो तोच परत म्हणायचा. सहाच्या सहा आकडे आम्ही तसे म्हटले. त्याचा आवाज माझ्या हातासारखाच झाला होता. मग तो म्हणाला, "उघडला." मग मुलगी लांबून म्हणाली, "काका, बघा, जवळचं एकला आलं ना?" भाऊ म्हणाला, "आलं. परत बघ. मधलं दोनला. लांबचं तीनला. परत बघ एकदा." तिनं तीन वेळा बघितलं. बंद करायचा नंबर मात्र लगेच आला. पाचला चार मिनिटं होती.

परत गेलो तर म्हातारा बोकडं धरून बसला होता. सौदा त्यानं मी मागितलेल्या भावातच दिला. मला ते आजही नीट समजलेलं नाही.

पहिली यादी लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. यादी लागली तेव्हा मुलगी आंघोळीला गेली होती आणि मोबाइल माझ्या हातात होता. उघडायची हिंमत झाली नाही. तिनंच येऊन ओल्या हातानं उघडलं. लांबचं लागलं होतं.

बायको देवापुढे गेली. मी खाली बसलो. मला ज्याची भीती होती ते घडलं नव्हतं, जागा हातात होती. आणि ती तिसऱ्या नंबरची होती म्हणून पुढची फेरीही तिच्यासाठी उघडी होती. माझ्या क्रमानं हेच कॉलेज लागलं असतं आणि तिथंच दार बंद झालं असतं. मुलीनं मला हे समजावून सांगितलं नाही. मला कळलंय हे तिला दिसत होतं. तिनं माझ्यासमोर चहा ठेवला, बस.

दुसऱ्या फेरीत मधलं मिळालं. जवळचं शेवटपर्यंत मिळालं नाही, दोन मार्कांनी. ती एक दिवस खोलीतून फारशी बाहेर आली नाही. संध्याकाळी आली आणि म्हणाली, "मागितलं तरी मी." मग बॅग भरायला घेतली.

मी भावाला फोन केला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"मधलं लागलं," मी म्हणालो.

"बरं झालं. चांगलं हाय ते." थोडा वेळ रुळांवरून गाडी जात राहिली, आम्ही दोघं ती जाईपर्यंत थांबलो. मग तो म्हणाला, "मूळ कागद घेऊन जायचे असतात. सगळे एकाच पिशवीत ठेव. प्लास्टिकच्या."

"ठेवतो."

"आन् पिशवी कुणाच्या हातात देऊ नको," तो म्हणाला. "माझ्यासारख्याच्या तर नायच."

त्याला काय काय सुनवायचं ते मी इतकी वर्षं तयार करून ठेवलं होतं. सगळं तोंडाशी आलं.

"नाही देत," मी म्हणालो.

प्रवेशाला निघालो तेव्हा गाडीत मुलगी म्हणाली, "पप्पा, पिशवी वर ठेवा ना, किती वेळ मांडीवर घेऊन बसणार?" मी ऐकलं नाही. उतरेपर्यंत दोन्ही हात पिशवीवरच होते. पंखा होता, खिडकी उघडी होती, तरी हाताखालचं प्लास्टिक घामानं ओलं झालं होतं.